कुदळेकाकांचा सकाळचा भाव

कुदळेकाका तब्येत सांगत नाहीत, भाव सांगतात. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात कोणी सहज "काय काका, बरंय ना?" विचारलं, की ते बाही वर करून दंडावर चिकटवलेला रुपयाएवढा सेन्सर दाखवतात, मोबाइल काढतात आणि जाहीर करतात, "एकशे चाळीसला उघडला. दुपारी तेजी दिसतेय, साबुदाण्याची आवक झालीय."

मार्केट यार्डात गुळाची अडत चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ढेपेचा कपचा जिभेवर ठेवल्याशिवाय माल पास करायचा नाही, हा त्यांचा खाक्या. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला तेव्हा म्हणाले, "एवढा माल पास केला, थोडा अंगाला लागणारच." आधी लॅबमधली रांग, मग घरच्या मशिनसाठी बोटाला टोचणं, असं करत आता हा सेन्सर आला. तो लेकीनं पाठवला. मंजिरी टोरांटोत सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि काकू गेल्यापासून काका इथे एकटेच. बाबांची साखर तिला तिच्या मोबाइलवर दिसते. सत्तरच्या खाली गेली की तिकडे गजर होतो. ती आधी बाबांना फोन लावते, मग मला, कारण काकांच्या दाराची जादा किल्ली माझ्याकडे असते. मी खालच्या मजल्यावर राहते, एवढाच माझा गुन्हा.

सुरुवातीला गजर क्वचित व्हायचा. मग दर आठवड्याला व्हायला लागला, तोही सकाळी, मी डबा भरत असताना. जीव मुठीत धरून मी वर धावायची. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, घामाघूम होऊन लेकीशी व्हिडिओवर गप्पा मारत असायचे. "मंदी आहे जरा, ताई. येईल वर." मला संताप यायचा आणि भीतीही वाटायची. पुढे पुढे तर फोन वाजला तरी मी दचकायची आणि नाही वाजला तरी तो उचलून बघायची. एखाद्या दिवशी गजर झालाच नाही तर? झाला आणि मी ऑफिसात असले तर?

त्या दिवशी फोनवर मंजिरी रडतच होती. "ताई, छप्पन्न दाखवतंय. बाबा खातच नाहीयेत!"

मी दार उघडून आत गेले. काका टेबलाशी बसले होते. फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, समोर इन्सुलिनचं पेन. शर्ट पाठीला चिकटला होता आणि थरथरत्या मुठीत गुळाचा खडा तसाच होता. ओट्यावर पोहे करून झाकून ठेवलेले.

"काका, अहो तोंडात टाका तो गूळ!"

"टाकतो हो. ही ऑफिसचं सांगत होती, तेवढं होऊ द्या."

"सांगेल ती नंतर!"

"नंतर नाही सांगत." त्यांनी फोनकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "खाल्लं की आकडा चढतो, ताई. चढला की ती ठेवते."

म्हणजे इंजेक्शन घेऊन, नाश्ता झाकून हा माणूस मुद्दाम बसून राहत होता. दर वेळी. असा राग आला की दोन शब्द सुनवावेत. या वयात एवढी जोखीम, आणि ती कशासाठी, तर पोरीनं थोडं बोलावं म्हणून.

"मंजिरी," मी जवळजवळ ओरडलेच, "आकडा चढला तरी फोन ठेवणार नाहीस, एवढं सांग त्यांना. आत्ता सांग."

तिनं एकदा आकड्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. मग तिला समजलं. चेहऱ्यावर दिसलंच ते.

"बाबा, खा," ती म्हणाली. "मी आहे."

काकांनी गूळ तोंडात टाकला. मी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि तिथेच बसले. कंपनीची बस केव्हाच गेली होती. मंजिरी अधूनमधून आकडा वाचत होती. बासष्ट. एकोणऐंशी. हळूहळू काकांच्या हातांची थरथर थांबली.

"एकशे चार," ती म्हणाली.

काकांनी चमचा खाली ठेवला आणि ते पडद्याकडे बघत राहिले.

"बाबा," मंजिरीनं विचारलं, "भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं?"