राजवाड्याच्या मागे

मी म्हैसूरला कधीही गेलेलो नव्हतो, आणि तिथे दोन वर्षं राहिलो आहे असं मी आठल्यांना सांगितलं.

कारण भूक. नव्वदच्या दशकाचे मधले दिवस. नाशिकहून कुवेतला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. दिवसभर राई नावाच्या भागातल्या गोदामात बसून पंप आणि व्हॉल्व्ह विकायचे आणि संध्याकाळी सालमियात चार सड्या माणसांच्या खोलीवर येऊन खुबूस, म्हणजे तिथली रोटी, डाळीत बुडवून खायचा, एवढाच संसार. डाळ करायची पाळी माझी असली की बाकीचे तिघे बाहेर जेवून येत.

अशात मराठी मंडळींच्या गणपतीत एक उंच, किडकिडीत गृहस्थ दिसले. आरती संपल्यासंपल्या ते प्रत्येकाला गाठून एकच प्रश्न विचारत होते: "म्हैसूरला राहिलायत का कधी?" शेजारच्यानं मला माहिती पुरवली. हे आठल्ये, पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात मेंटेनन्सला असतात. नोकरी संपली की बायकोला घेऊन म्हैसूरला जाऊन राहणार आहेत. म्हैसूरचा माहितगार मिळाला तर त्याला दर शुक्रवारी जेवायला बोलावणार म्हणतात, पण अजून मिळालेला नाही. आणि वहिनींच्या हाताला चव आहे, असं तो जाता जाता म्हणाला.

प्रश्न माझ्यापर्यंत आला तेव्हा मी म्हणालो, "हो. दोन वर्षं."

पहिल्या शुक्रवारी मी आठल्यांकडे पोहोचलो तो मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान चालू होती. अजान संपली. आठल्ये उठले, दाराजवळच्या खोक्यापाशी गेले आणि त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, पंखा गेला, एसी गेला. बाहेर सप्टेंबरचा कुवेत धगधगत होता. जाड पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीत स्वतःचा हात दिसेना.

"लोडशेडिंग," अंधारातून आठल्यांचा आवाज आला. "म्हैसूरला लाइट जाणार. इथे वीस वर्षांत त्याची सवय मोडली. आता दर शुक्रवारी एक तास सराव."

मी मेणबत्तीविषयी विचारलं.

"मेणबत्ती लावली तर तो सराव कसला? आधी कळलेलं बरं."

हे त्यांचं पालुपद. आठल्ये सिनेमा पाहण्यापूर्वी शेवट विचारून घेत, म्हणजे मग निवांत बघता येतो. क्रिकेटची मॅच निकाल कळल्यानंतर टेपवर बघत. विमानात सीटच्या खिशातलं सूचनांचं कार्ड स्वतः वाचून झाल्यावर शेजाऱ्यालाही समजावून देत. न्हाणीत बादल्या भरून ठेवायच्या, शॉवर असताना तांब्यानं आंघोळ करायची, हेही म्हैसूरच्या तयारीत मोडे. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे रखवालदार, सुरुवातीला दर शुक्रवारी टॉर्च घेऊन धावत वर यायचा. पुढे त्यानं आपल्यापुरता समज करून घेतला की ही या हिंदी लोकांची शुक्रवारची पूजा असावी, आणि त्या तासात तो आठल्यांच्या दारावरून चपला हातात घेऊन जाऊ लागला.

घरातलं आणखी एक विशेष म्हणजे जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या. खुर्चीचे पाय, टीपॉय, चपलांचा कोनाडा, सगळ्यांच्या जागा चिकटपट्टीनं आखलेल्या. खुर्ची बोटभर सरकली तरी आठल्ये बोलता बोलता उठून ती पट्टीत बसवत. कारखान्यात अशा रेघा असतात हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं रेघांमध्ये चालून माणसाचं घरही प्लांट होतं, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि खोलीवर जाऊन तिघांना नक्कल करून दाखवली. फार हसले. त्या दिवशी माझी डाळही खाल्ली.

अंधारात जेवण्याचं तंत्र मला शेवटपर्यंत जमलं नाही. एकदा मी ताकाच्या वाटीत पोळी बुडवून आमटीला चव नाही असं मनात म्हणालो. एकदा भात समजून चटणीचा घास घेतला आणि अंधार असल्यामुळे निदान माझं तोंड कुणाला दिसलं नाही. वहिनी मात्र त्या मिट्ट काळोखात वाढायच्या, तर भाताची मूद पानात बरोबर आणि तुपाची धार मुदीवर बरोबर. मी म्हणायचो, वहिनी, तुमचा सराव चांगलाच झालाय. त्या हसून म्हणायच्या, "करावा लागतो."

जेवताना म्हैसूर सुरू व्हायचं.

म्हैसूरविषयी माझं सगळं ज्ञान सालमियातल्या एका मलबारी केशकर्तनालयातल्या कॅलेंडरवरून आलेलं होतं. त्यावर रोषणाई केलेला राजवाडा होता. न्हाव्याला विचारलं तर तो म्हणाला, मीही गेलो नाही, कॅलेंडर फुकट मिळालं. तेव्हा आठल्यांनी काहीही विचारलं की मी ते राजवाड्याच्या आधारानं उभं करत असे. पोस्ट कुठे? राजवाड्याच्या मागे. दवाखाना? राजवाड्याच्या मागेच, जरा पुढे. भाजी मंडई, बँक, गिरणी, चप्पल शिवणारा, सगळ्यांना मी तिथे जागा दिली. एका शुक्रवारी वहिनी आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "राजवाड्याच्या मागे फारच गर्दी झाली हो, देवरे." मी ठसका लागल्याचं सोंग केलं.

आठल्यांचे प्रश्न चमत्कारिक असत. हवा कशी, भाडं किती, शेजारी कसे, यातलं ते काही विचारत नसत. पोस्टाच्या दाराला उंबरा आहे का? बसची पहिली पायरी किती उंच? झाडांची मुळं फुटपाथ फोडून वर आलीत का? देवळाच्या पायऱ्यांना कठडा कोणत्या हाताला? मी म्हणायचो, उजव्या. ते म्हणायचे, "चढताना उजव्या की उतरताना?" मला घाम फुटायचा. एसी बंद असल्यामुळे त्याचं कारण कुणी विचारत नसे.

मी एकदा त्यांना म्हणालो, साहेब, तुम्ही मूळचे साताऱ्याचे, मग साताऱ्यालाच का जात नाही? सगळे ओळखीचे असतील.

"म्हणूनच नको," आठल्ये म्हणाले. "ओळखीच्या गावात माणूस चालत नाही. थांबवून ठेवतात." म्हैसूरला ते दोघं खूप वर्षांपूर्वी एकदा, सहलीच्या बसमधून, अर्धा दिवस उतरले होते. रुंद रस्ते बघून वहिनी म्हणाल्या होत्या, इथे मी एकटी फिरेन. तेवढ्यावर ठरलं होतं. अर्ध्या दिवसाच्या ओळखीवर गाव निवडणारा माणूस पायऱ्यांच्या उंचीवर एवढा का अडतो, हे कोडं मी सोडवायला हवं होतं. पण समोर अळूचं फदफदं होतं.

असं जवळजवळ दीड वर्ष चाललं. आठल्यांची नोकरी संपत आली. एका शुक्रवारी ते आनंदात होते. म्हैसूरच्या दलालानं फोनवर एक घर सांगितलं होतं. तळमजला, पुढे फुटपाथ. आणि दलाल म्हणे तो रस्ता राजवाड्याच्या मागचाच. "तुमचाच भाग, देवरे. आज सगळं सांगा. उद्या मी होकार कळवतो."

शुक्रवारची सुट्टी असूनही मी त्या दिवशी गोदामात गेलो होतो आणि राईहून परस्पर आलो होतो. हातात पितळी व्हॉल्व्हच्या नमुन्यांची बॅग होती, चांगली जड. ती मी पॅसेजमध्ये ठेवली. अजान अजून व्हायची होती, ट्यूबलाइट लख्ख लागलेली होती. वहिनी स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि वाटेत ती बॅग नसल्यासारख्या सरळ तिच्यावर चालत गेल्या.

कप फुटले. वहिनी गुडघ्यांवर पडल्या आणि त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. आठल्ये माझ्या आधी पोहोचले. त्यांनी वहिनींना खुर्चीत बसवलं, माझी बॅग उचलून दाराबाहेर ठेवली, काचा गोळा केल्या आणि बर्फ आणायला आत गेले. जाताना त्यांनी पायानं खुर्ची पट्टीत सरकवली. तेव्हा कुठे त्या पट्ट्या कशासाठी होत्या हे माझ्या डोक्यात शिरलं, आणि पट्ट्यांच्या मागोमाग उंबरे, कठडे, बसच्या पायऱ्या सगळं शिरलं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"पहिल्यांदा रात्रीचं दिसेनासं झालं," वहिनी कपाळाला पदर लावत म्हणाल्या. "मग कडेकडेनं जात गेलं. आता मध्ये रुपयाएवढं उरलंय. सरळ बघितलं तर तुमचा चेहरा दिसतो, बॅग नाही दिसत. तेही जाणार आहे."

मला राजवाड्यामागचा तो रस्ता दिसू लागला. दीड वर्षं मी तो आमटीच्या बदल्यात गुळगुळीत करत आणला होता आणि या बाई त्याच्यावर चालणार होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"तुम्ही म्हैसूरला गेलेला नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिल्याच शुक्रवारी कळलं. बसा."

मी बसलो.

"यांना सांगू नका. तुम्ही येऊन गेलात की हे झोपतात. एरवी रात्रभर कुशी बदलत असतात, तिथे असं असेल का नि तसं असेल का." आत बर्फाचा ट्रे आपटल्याचा आवाज आला. त्यांनी आवाज खाली घेतला. "यांना वाटतं, सगळं आधी कळलं की भीती जाते. मला डॉक्टरांनी सगळं आधीच सांगितलं होतं, देवरे. कोणत्या क्रमानं काय जाईल तेसुद्धा. काय उपयोग झाला? मी तिथे जाईन, चार वेळा पडेन आणि रस्ता पाठ करीन. पण ते यांना आत्ता सांगून पटायचं नाही."

आठल्ये बर्फ घेऊन आले. त्यांनी तो फडक्यात गुंडाळून वहिनींच्या कपाळाला धरला आणि एका हातानं तो तसाच धरून माझ्याकडे वळले. "हं, देवरे. त्या रस्त्याचा फुटपाथ. सपाट आहे ना?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आपल्याकडे असतात तसाच आहे. फरशा हलतात. ठेच लागेल." म्हैसूरविषयी मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं, आणि तेही अंदाजानंच.

आठल्यांनी बर्फाचं फडकं उलटून धरलं. मग म्हणाले, "आधी कळलेलं बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या घराला होकार कळवला.

ते गेल्यानंतर सालमियात माझे शुक्रवार परत डाळीवर आले. फोन व्हायचे. आठल्ये फोनवर म्हैसूरच्या तक्रारी मलाच सांगायचे, जणू गाव मी बांधलं होतं. पुढे माझं लग्न झालं, नोकरी बदलली आणि म्हैसूरला जायला आणखी काही वर्षं गेली. गेलो तो योगायोगानं शुक्रवारी.

घर राजवाड्यापासून चांगलं लांब निघालं. दलालही माझ्यासारखाच माहितगार असावा. दार वहिनींनी उघडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "या देवरे. अजून पाय घासतच चालता." रुपयाएवढा उजेड तोवर गेलेला होता. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या होत्याच.

दिवेलागणीला आठल्ये उठले आणि दाराकडे गेले. मी विचारलं, "साहेब, इथेसुद्धा?"

"लोकांनी उगाच घाबरवलं होतं," ते वैतागून म्हणाले. "लाइट पुरेशी जातच नाही इथे."

त्यांनी मेन स्विच खाली ओढला. काळोखात त्यांची पावलं परत आली आणि वहिनींच्या शेजारची खुर्ची किरकिरली. आता सराव कसला, असं माझ्या तोंडून निघून गेलं. वहिनींना तर त्याची गरज नव्हती.

"तिच्यासाठी नव्हताच तो कधी," आठल्ये म्हणाले. आवाज नेहमीचाच, यंत्राची माहिती देणारा. "ती तिकडे एकटी असते. तासभर जाऊन बसतो."

मग वहिनी वाढायला उठल्या. तुपाची धार मुदीवर बरोबर पडली असणार, कारण मी पहिला घास घेतला तेव्हा होती. नंतर मी परत ताकात पोळी बुडवली.

सकाळी वहिनी म्हणाल्या, चला, तुम्हाला राजवाडा दाखवते. हातात पांढरी काठी, पण तिचा उपयोग त्या मुख्यतः भाजीवाल्याला हाक मारताना करत होत्या. कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, इथे मी पहिल्यांदा पडले. गुलमोहराखाली म्हणाल्या, इथे दोनदा. आठल्ये आमच्या मागून, बरोबर दोन पावलं अंतर ठेवून, हात पाठीशी बांधून येत होते. ते हात बांधून ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते हे दिसत होतं. मी राजवाड्याचा कळस दिसतो का म्हणून मान वर करून चालत होतो, तोच एक फरशी माझ्या पायाखाली कलंडली आणि मी रस्त्यावर आडवा झालो.

वहिनींनी अंदाजानं हात पुढे केला, तो थेट माझ्या दंडाला लागला. त्यांनी मला उठवलं आणि मागच्या आठल्यांनाच काय, समोरच्या पोस्टातल्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन वर्षं राहिलात ना हो इथे? मग जरा बघून चाला."