ट्रूडीची रायफल आणि वेंडेलचा शर्ट

वेंडेलने नवी रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा लोरेटाने मक्याच्या सूपचं पातेलं उचलून ओट्यावर नेलं.

"ट्रूडीसाठी," वेंडेल म्हणाला. "स्वस्तात मिळाली. दोन-चार फेरफार केले की झकास होईल."

"टोस्टरबद्दलही हेच म्हणाला होतास."

"टोस्टरचं काम चालू आहे."

"म्हणूनच आम्ही पाव तव्यावर भाजतो."

त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी ट्रूडी हिने रायफल उचलून पाहिली आणि लगेच परत ठेवली. दुकानात याच रायफलीशेजारी एक जुनी, थोडी महाग रायफल होती. ट्रूडीने ती खांद्याला लावली होती आणि बराच वेळ खाली ठेवली नव्हती. पण वेंडेल पेशाने हीटर दुरुस्त करणारा. जी वस्तू आयती नीट चालते, तिच्यात माणसाने करायचं काय, हा त्याचा प्रामाणिक प्रश्न होता.

नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि ट्रूडी पहिल्यांदाच आजोबांच्या जंगलातल्या केबिनवर जाणार होती. आजोबा ऑर्व्हिल, म्हणजे लोरेटाचे वडील, तिथले सर्वेसर्वा. केबिनचा नियम जुना होता: हरणावर नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं आणि नाव लिहून भिंतीवर ठोकायचं. वेंडेलची सात टोकं तिथे लटकत होती. ऑर्व्हिलचं एकही नव्हतं.

ट्रूडी मात्र वारलेल्या आजीचा, एडनाचा, लाल चौकड्यांचा लोकरी शर्ट घालणार होती.

"तो तरी कापणार नाही ना, आजोबा?" तिने फोनवर विचारलं.

"नियम म्हणजे नियम, पोरी. तू चुकू नकोस, म्हणजे झालं."

वेंडेल कामाला लागला. ट्रूडीच्या हातांना रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, लांब होत होता, म्हणून त्याने तो इंचभर कापला. रायफल हलकी झाली आणि धक्का जास्त देऊ लागली. म्हणून त्याने दस्त्याच्या टोकाला रबराची जाड गादी बसवली. गादी बरोबर इंचभर जाडीची होती.

"म्हणजे लांबी पुन्हा तेवढीच," ट्रूडी म्हणाली.

"पण आता ती मऊ लांबी आहे," वेंडेल म्हणाला आणि दस्ता आणखी इंचभर कापला.

आता डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीच्या इतका जवळ आला की पहिल्याच बाराला दुर्बीण ट्रूडीच्या भुवईवर आदळली. वेंडेलने दुर्बीण पुढे सरकवायला नवी बैठक मागवली. ती उंच निघाली. डोळा दुर्बिणीला लागला की गाल अधांतरी राही, म्हणून गालाखाली प्लास्टिकचा उंचवटा आला. तो काडतूस भरताना मागे ओढायच्या बोल्टच्या वाटेत आडवा येऊ लागला, म्हणून वेंडेलने त्याला कानशीने खाच पाडली.

"त्या जुन्या रायफलीचं काय झालं?" लोरेटाने विचारलं.

"विकली गेली," ट्रूडी म्हणाली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी कडाक्याची थंडी होती. ट्रूडी ओकच्या झाडाला टेकून बसली होती. एक रुबाबदार नर हरीण झाडीतून बाहेर आलं. तिने श्वास रोखला आणि गाल टेकवला. थंडीने आखडलेलं प्लास्टिक 'कर्रर्र' असं वाजलं. हरणाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दचकून तिने चाप ओढला आणि गोळी एका बीचच्या झाडाच्या खोडात गेली.

दुपारी केबिनमध्ये ऑर्व्हिल कात्री घेऊन उभा होता, पण ती उघडत नव्हता. ट्रूडीने दात आवळून शर्ट पँटमधून बाहेर काढला.

"थांबा," वेंडेल म्हणाला. "चुकली रायफल. आणि ती रायफल माझी आहे. मूळची फक्त नळी आणि बोल्ट उरलेत. कापायचं तर माझं टोक कापा."

"अरे, तू तर त्या ओकपाशी नव्हतासच, हरीणही पाहिलं नाहीस."

"नेहमीसारखंच की."

ऑर्व्हिलने इतक्या चपळाईने कात्री चालवली की थंड पातं वेंडेलच्या पाठीला लागलं. खिळा ठोकायला मात्र तो भिंतीकडे गेला नाही. त्याने रायफलीवरचं प्लास्टिक उपटून काढलं, शर्टाचं टोक घडी घालून त्या जागी ठेवलं आणि दोरीने करकचून बांधलं.

"गाल ठेव."

ट्रूडीने गाल ठेवला. आवाज झाला नाही. डोळा नेमका दुर्बिणीसमोर आला.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" वेंडेलने विचारलं. "तुमची रायफल तर दुकानातून आली तशीच आहे म्हणता."

ऑर्व्हिलने दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग आपल्या रायफलीच्या दस्त्यावरची चामड्याची पट्टी सोडली. आत विटलेलं निळं कापड होतं.

"माझ्या शर्टाचं. पहिल्या वर्षीचं," तो पुटपुटला. "भिंतीवर ठोकायच्या आत एडनाने इथे बांधून टाकलं. त्यानंतर चुकलो नाही. बाहेर बोललास तर पुढचंही टोक कापीन."

दुसऱ्या सकाळी आखूड शर्टातला वेंडेल शेकोटीला पाठ देऊन उभा होता. ओकच्या बाजूने एकच बार ऐकू आला आणि पाठोपाठ ट्रूडीची आनंदाने फुटलेली आरोळी.

ऑर्व्हिलने हातात तयार धरलेली कात्री पुन्हा खिळ्याला अडकवली. वेंडेल मात्र विचारात पडला होता.

"ती दोरी," तो म्हणाला, "थोडी बारीक असती तर..."

"वेंडेल," ऑर्व्हिल म्हणाला, "कॉफी पी."