ओली काडेपेटी

आमच्या इमारतीखाली भानूचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे मिक्सर देऊ नये. दुरुस्त चांगला करतो, पण परत देत नाही. आमचा मिक्सर त्याने अडवून ठेवला. का, तर त्याची घरघर गाण्यात हवी होती! "सर, चटणी काय, पाट्यावर बी हुती. ह्यो आवाज कुठं गावणार?" हे माझ्या बायकोला सांगायची त्याची हिंमत नव्हती. ते काम माझ्यावर आलं.

भानूचा बँड आहे. नाव 'ओली काडेपेटी'. हे लोक वरातीत वाजवत नाहीत, गणपतीत वाजवत नाहीत, कुणी आपणहून ऐकेल असं काहीच वाजवत नाहीत. गाणी स्वतःची, चाली स्वतःच्या आणि साथीला मिक्सर, टेबलफॅन, रसवंतीचे घुंगरू. डोकं दुखलं म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "आवं, ह्यो प्रयोग हाय!"

साताऱ्यात त्याच्याकडे पंखा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला या बँडचा इतिहास ऐकावा लागतो. उंब्रजचे चार मित्र, कॉलेजचं गॅदरिंग, पहिलं गाणं आणि दुसऱ्या कडव्याला प्रिन्सिपॉलनी स्वतः उठून बंद केलेला लाउडस्पीकर. हे सांगताना भानूची छाती अशी फुगते की वाटावं, सत्कारच झाला होता. पंखा मात्र तसाच पडून असतो.

पुढे चौघांची पांगापांग झाली. ड्रमवाला संज्या मेहुण्याच्या गलाईच्या दुकानात, सोनं गाळायला, तमिळनाडूत गेला. गिटारवाला महादू फौजेत. गाणारा अशोक ट्रक घेऊन कायम गुजरातच्या बाजूला. शहाण्या माणसाने इथे बँड मिटवला असता.

भानूने काय केलं? रविवारी दुपारी मी जेवून आडवा झालो की तो बरोब्बर माझ्या डोक्यावर, गच्चीत, तीन खुर्च्या मांडतो. प्रत्येक खुर्चीवर एक फोन. एक त्याचा, एक दुकानाचा, एक बायकोचा. तिन्ही स्पीकरवर लावून हा मधोमध कीबोर्ड घेऊन बसतो आणि ओरडतो, "वन, टू, थ्री!" संज्या पुढे निघून जातो, महादूची गिटार बऱ्याच वेळाने सीमेवरून येऊन पोचते आणि अशोक ऐन कडव्यात विचारतो, "आरं, ऐकू येतंय का?" तेही गाण्यातच धरलं जातं. प्रयोग!

मध्यंतरी पुण्याहून एक बाई आल्या. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं गाणं त्यांना चक्क आवडलं होतं. म्हणाल्या, "चौघांनी आपापलं वाजवून मला पाठवा. मी तालात जुळवते आणि गाणं बाहेर काढते." भानूपेक्षा मलाच जास्त आनंद झाला. त्याचं नाव होणार होतं आणि मला झोप मिळणार होती.

पुढच्या रविवारी वर पुन्हा खुर्च्या सरकल्या. भानूने बाईंना नकार कळवला होता! मी तसाच बनियनवर गच्चीत गेलो.

"अरे, आयुष्यभर याचीच वाट बघितलीस ना? बाई आयतं करून देतायत, आणि तुला नको? डोकं ठिकाणावर आहे का?"

भानू चार्जरची वायर सोडवत होता. 'प्रयोग' हा शब्द आज आला नाही.

"व्हय सर, गाणं झ्याक झालं असतं," तो म्हणाला. "पर आपापलं वाजवून पाठवायचं म्हटल्यावर संज्या नुसती फाईल पाठवंल. फोन कशाला करंल?"

इतके रविवार मी वैतागून पंख्याकडे बघत पडलो होतो, आणि वर हा माणूस मित्रांना भेटत होता. फार वाईट वाटलं.

महादूचा फोन लागत नव्हता. भानू परत परत लावत होता. तिसरी खुर्ची अजून रिकामीच होती.

"माझ्या फोनला इथे रेंज चांगली असते," मी म्हणालो. "नंबर सांग."