आत्याची टिपाडं

आमच्या आत्याच्या जिन्याखाली पाण्याची निळी टिपाडं आहेत. टंचाईच्या वर्षी लातुरात घरोघरी घेतली गेली, त्यातलीच. पुढं नळाला पाणी येऊ लागलं तशी कुणी ती विकली, कुणी त्यात ज्वारी भरली. आत्यानं लोकर भरली. एका उन्हाळ्यात नळ गेला म्हणून शेजारच्या वहिनी बादली घेऊन आल्या. झाकण काढून बादली आत सोडली, तर ती कशावर तरी मऊ टेकली. वहिनी वाकून बघतच राहिल्या. आत्या स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "ते पाण्याचं न्हाई. पाण्याचं कोपऱ्यातलं. त्यात लाल हाय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. रेणापूरच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झाली आणि आमच्याच गल्लीत राहायला आली. आता लातूरची थंडी ती केवढी! घाईतल्या पाहुण्यासारखी येते आणि चहा घेऊन परत जाते. इथं एवढी लोकर कशाला, असं आत्याला ज्यानं त्यानं विचारून झालंय. तिचं उत्तर ठरलेलं. "असू दे. लागतंय."

विणायला ती लहानपणी भोकरला शिकली. सुया मिळेनात म्हणून आजोबांच्या मोडक्या सायकलच्या तारा घासून घेतल्या होत्या. त्या तारा अजून आहेत. शिवाय बांबूच्या सुया, ॲल्युमिनियमच्या, प्लॅस्टिकच्या, मधे वायर असलेल्या गोल सुया, क्रोशाच्या आकड्या. बटणं बिस्किटांच्या डब्यांत. कसर लागू नये म्हणून टिपाडात कडुनिंबाचा पाला. घरात शिरलं की आधी त्या पाल्याचा वास येतो आणि मग चहाचा.

रंगांची नावंही तिची स्वतःची. तुरीच्या फुलाचा पिवळा, पिकल्या करडीचा, वाळल्या सोयाबीनचा. एकदा मी एका गुंड्याला नुसतं तपकिरी म्हणाले, तर तिनं मला खिडकीशी नेऊन तो उजेडात धरला. मला काहीच वेगळं दिसलं नाही. "तुझं लक्ष न्हाई," ती म्हणाली आणि गुंडा जागेवर ठेवला. कुणी पाहुणा आला की ती अल्बम दाखवावा तशी टिपाडं उघडून दाखवते. माझ्या मैत्रिणींना मीही मुद्दाम तिच्याकडे घेऊन जाते. असला खजिना दुसऱ्या कुणाच्या आत्याकडे नाही, याचा मला भारी अभिमान.

गेल्या हिवाळ्यात नांदेडचं एक जुनं लोकरीचं दुकान बंद होणार असल्याचं तिच्या कानावर आलं. सकाळच्या एसटीनं मला घेऊनच निघाली. दुकानदारानं चांगल्यातली चांगली लोकर पुढं मांडली. मशीनवर गुंडाळलेले गोल, मऊ गुंडे. आत्यानं हात लावला, छान आहे म्हणाली आणि बाजूला सारले. तिला लड्या हव्या होत्या. लडी म्हणजे लोकरीचा लांब सैल पेड. तो हातानं गुंडाळून त्याचा गुंडा करायचा, मगच विणता येतं. दुकानदार म्हणाला, आजकाल लडी कुणी मागत नाही, सगळ्यांना तयार गुंडा लागतो. आत्या म्हणाली, मला लडीच लागते. शेवटी त्यानं माळ्यावरून धुळकटलेली पोती काढली आणि आत्यानं ती सगळी घेतली.

परतीच्या एसटीत मांडीवर पोतं, पायाशी पोतं. शिंका देत मी लातूरपर्यंत आले आणि घरात पाय ठेवताच बोलले, "मामा, दुकानात एवढे छान तयार गुंडे होते, पण आत्याला..."

"चल, चहा टाक," आत्या म्हणाली आणि माझ्या दंडाला धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

मामा म्हणजे आत्याचे यजमान. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. चालणं सुधारलं, पण उजवा हात लुळाच राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. मी काय लहान लेकरू आहे का, म्हणत मामांनी तो पलंगाखाली भिरकावला. मग बोलणंच बंद केलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. एवढं मला माहीत होतं. पुढचं आत्यानं आधण उकळेपर्यंत हळू आवाजात सांगितलं.

एक दिवस तिनं खुर्चीच्या पाठीला लडी अडकवली, लोकरीचं टोक मामांच्या उजव्या हातात दिलं आणि माझं एकटीचं आवरत नाही, जरा गुंडाळून द्या म्हणाली. मामांनी दिवसभर खटपट केली. संध्याकाळी जे काही झालं, त्याला गुंडा म्हणवत नव्हतं. आत्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दुसरी लडी अडकवली.

"हात चालला पाहिजे बघ त्यांचा," ती म्हणाली. "पण लड्या संपल्या तर काय सांगू त्यांना?"

मग ओट्याखालचं कपाट उघडून तिनं मला आतली फळी दाखवली. डाव्या टोकाला वेडेवाकडे, ढिले, गाठी पडलेले गुंडे. मग जरा बरे. पुढं पुढं गोल होत गेलेले, आणि उजवीकडचे तर असे घट्ट आणि नीटस की मशीनवरचे वाटावेत. यातल्या एकालाही तिनं सुई लावली नव्हती. तिची सगळी टिपाडं मी पाहिली होती, पण दाखवताना तिचा चेहरा असा फुललेला कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला. ते शेजारच्या वहिनींशी बोलत होते. "काय सांगू वहिनी, पोती भरून आणलीय हिनं. मी न्हाई म्हटलं तर हिचं सगळं काम अडून राहील. मला मरायलाबी सवड न्हाई."

आत्यानं कपाट लावलं आणि चहात साखर घातली. मग दाराशी जाऊन जरा रागावल्यासारखं म्हणाली, "बोलत काय बसलाव? ती हिरवी लडी तशीच पडलीय."