कोरी नळी

आमच्या भूमच्या कॉलेजात मी शिपायाला चहा सांगितला, की निर्मला मॅडम विचारतात, "तुम्ही सांगितलंत, ते ऐकलं मी. पण निरोप पोचला का?" शिपाई "व्हय" म्हणाला तरी त्यांना तेवढ्यावर भागत नाही. तो किटली उचलून दाराबाहेर पडेपर्यंत त्या त्याच्याकडं टक लावून बघतात.

मॅडम जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी. टेबलं शेजारी असल्यानं थोडंफार विज्ञान मला न मागता मिळतं. त्यांचं वेड म्हणजे यीस्ट, पावाचं पीठ फुगवणारं. जिथं शिकल्या त्या पुण्याच्या प्रयोगशाळेतून त्यांनी ते मांडीवर बर्फाचा डबा धरून एसटीनं आणलं. शेजारच्या बाईनं वाटेत दोनदा विचारलं म्हणे, "कुल्फी हाय का?"

"सर, यीस्टलाही जोडीदार लागतो," मॅडम सांगू लागल्या. "समोरचं स्थळ एक रसायन सोडतं. पेशीच्या अंगावर ते ओळखणारा रिसेप्टर असतो. दाराची कडीच समजा. रसायन आत जात न्हाय, नुसती कडी वाजवतं. अन् आत लई धावपळ सुरू."

ती धावपळ बाहेरून दिसावी म्हणून या यीस्टमध्ये जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाची सोय करून ठेवलेली असते. निरोप आत पोचला की पेशी ते प्रथिन बनवते आणि निळ्या उजेडात हिरवी चमकते.

"पुढं लग्न जमतं का?" मी विचारलं.

"ते माझ्याकडं न्हाय. माझं काम निरोपापुरतं."

एकदा भर दुपारी त्यांनी मला सामानाच्या खोलीत नेलं. खिडकीला काळी चादर. मॅडमनी पिवळा गॉगल माझ्या नाकावर चढवला, एका नळीवर निळी बॅटरी मारली आणि विचारलं, "काय दिसतंय?"

मला काहीच दिसत नव्हतं. पण मराठीच्या प्राध्यापकानं गप्प कसं बसायचं? "अहाहा," मी म्हणालो, "कोवळ्या ज्वारीचं रानच जणू."

"सर, त्या नळीत मी रसायन टाकलेलंच न्हाय."

"मग ठेवली कशाला?"

"तुमच्यासारख्यांसाठी. एक नळी कोरी ठेवायची असते. न्हायतर माणसाला जे हवं तेच दिसतं."

तेव्हापासून स्टाफरूममध्ये माझं नाव कोरी नळी.

अशा माणसाला मागच्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, "रविवारी ईटला येता का? एक गोष्ट बघायचीय."

ईट हे त्यांचं गाव. तिथं त्यांचे वडील, आबा. लकवा झाल्यापासून अंथरुणावर. बोलणं बंद, नजर छताला. मॅडम दर रविवारी जाऊन त्यांच्या कानाशी बसतात आणि आठवडाभराचं सगळं सांगतात. धाकटा भाऊ अंगणातच मला म्हणाला, "ताई उगं बोलती, सर. आबांना काय कळतंय आता?"

मॅडमनी ते ऐकलं. "मी हाक मारल्यावर अंगठा हलतो," त्या मला म्हणाल्या. "पण मी लेक आहे. हलावा वाटतो म्हणून दिसत असंल. तुम्ही दारात थांबा. माझ्याकडं बघायचं न्हाय, फक्त अंगठ्याकडं. मधी मी कानात हाक मारीन, मधी नुसतीच बसीन. हलला की सांगा."

"मीच का?"

"तुम्ही एकदा फसलाय. आता जपून बघाल."

अंगठा गोधडीवर पडलेला. बराच वेळ काहीच नाही. एकदा माझ्या तोंडून "हलला" निघणारच होतं, पण पंख्याच्या वाऱ्यानं गोधडीची कड उडाली होती. शब्द गिळला. ज्वारीचं रान उगवू द्यायचं नव्हतं.

मग अंगठा सावकाश वर आला, जरा थांबला आणि खाली टेकला.

"हलला," मी म्हणालो.

मॅडम आबांच्या कानाशी तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "आत्ताच हाक मारली." सरळ होऊन पुढं म्हणाल्या, "परत एकदा बघू, सर."

माझ्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या भावानं हात लांबवला आणि पंखा बंद केला.