वासुदेवराव गुरुजींच्या अँप्लिफायरमधला घूं

वासुदेवराव गुरुजींचं म्हणणं असं होतं, की न समजणारं पोर अजून जन्माला यायचं आहे. समजावणारा दमतो, म्हणून पोराला समजत नाही. गुरुजी कधी दमले नाहीत, निदान फळ्यापुढे तरी नाही. गणित सोडवायचं, पुसायचं, दुसऱ्या अंगानं पुन्हा सोडवायचं, आणि मग खडूचे हात झटकत वर्गाकडे वळून विचारायचं, "समजलं का?"

"हो गुरुजी," सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा.

साऱ्या नोकरीत एकाही पोरानं ‘नाही’ म्हटलं नव्हतं. अड्याळच्या बाजारात वांगी घेता घेतासुद्धा गुरुजी ही गोष्ट सांगत. वांगी विकणाराही त्यांच्याच हाताखालून गेलेला. तोही मान डोलावे.

निवृत्त झाल्यावर मात्र गुरुजींना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शांतता. उभं आयुष्य पाढे, घंटा आणि "गुरुजी, ह्यानं माही पाटी फोडली" यांत गेलेलं. त्यांना आता तंबोरा ऐकायचा होता. गाणारा थांबतो, तंबोऱ्याची तार विरत विरत जाते आणि मग काहीच उरत नाही. ते ‘काहीच’ त्यांना ऐकायचं होतं. साध्या रेडिओतून ते ऐकू येत नाही, त्यासाठी भारी यंत्र लागतं, असं त्यांनी वाचलं होतं.

असं यंत्र मिळालंही. तुमसरकडच्या खाणीवरचे एक साहेब बदली होऊन चालले होते. त्यांच्याकडे विलायती अँप्लिफायर होता, जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. लावला की आतले दिवे निखाऱ्यासारखे तांबूस होत. त्याबरोबर रेकॉर्ड वाजवायची तबकडी आणि दोन मोठे स्पीकर. स्पीकर मागाहून बैलगाडीनं आले, पण अँप्लिफायर गुरुजींनी कुणाच्या हाती दिला नाही. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले.

"हे काय होय गुरुजी?" कंडक्टरनं विचारलं.

"अँप्लिफायर."

"याचं तिकीट लागन. याच्याहून हलके माणसं मी उभे नेऊन राहिलो."

घरी आल्यावर दोन दिवस गुरुजींच्या मांड्या बधिर होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रेकॉर्ड लावली, ओसरीवर मांडी घातली आणि डोळे मिटले. गाणारा आळवत आळवत खाली आला. थांबला. तंबोऱ्याची तार विरली. आता ते ‘काहीच’ येणार, म्हणून गुरुजींनी श्वास धरला.

घूं.

गुरुजींनी डोळे उघडले. आवाज बारीक होता, पण होता. माठात भुंगा कोंडावा तसा.

"अवो, येतो का तुम्हाला हा आवाज?" त्यांनी आत बायकोला हाक दिली.

ललिताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, मान वाकडी करून ऐकलं. "मले तं नाही येत."

"नीट ऐका. घूं."

"तलावावरचे बेडकं आयकू येतेत. मंदाबाईच्या घरची फोडणी आयकू येते. घूं नाही आयकू येत."

गुरुजींना वाईट वाटलं. वय झालं की आधी बारीक आवाज जातात, हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कानात टाकायचं औषध आणलं आणि रोज किती थेंब, हे ललिताबाईंना तीनदा समजावून सांगितलं. ललिताबाईंनी बाटली कोनाड्यात ठेवली. फेकली नाही. कोणती वस्तू कधी कुणाच्या कामी येईल, सांगता येत नाही, असं त्यांचं मत.

मग गुरुजींनी जागेश्वरला बोलावलं. बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चौथीत तो गुरुजींच्या पुढ्यात, पहिल्या ओळीत बसायचा.

जागेश्वरनं स्पीकरच्या जाळीला कान लावला. गुरुजी मागे हात बांधून उभे राहिले आणि खडू झटकल्यासारखे हात झटकून म्हणाले, "येतो का आवाज?"

जागेश्वरची पाठ आपोआप ताठ झाली. हाताची घडी पडली.

"हो गुरुजी."

झालं. निदान झालं म्हणजे औषध आलंच. जागेश्वरनं कंडेन्सर बदलले. जुने बोटाएवढे होते, नवे भरताच्या वांग्याएवढे आले. तंबोऱ्याचा आवाज पूर्वीपेक्षा गोड झाला.

"गेला का घूं?" जागेश्वरनं आशेनं विचारलं.

"नाही. येतो ना तुला अजून?"

"हो गुरुजी."

मग व्हॉल्व्ह बदलले. ते नागपुराहून कापसात गुंडाळून आले. आता तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या मोजता येऊ लागल्या. घूं होताच. मग ट्रान्सफॉर्मर मोठा आला, आणि तो पेटीत मावेना म्हणून खिडकीबाहेर स्टुलावर ठेवला. पावसाला अवकाश होता, पण शेजारची शेळी त्याला अंग घासायला येऊ लागली, म्हणून त्यावर खोकं आलं. मग व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर आला. तो टक टक करी. त्याच्या टकटकीत घूं ऐकू येईना, तेव्हा गुरुजींनी तो बंद केला, म्हणजे घूं नीट ऐकता यावा.

"आता राहालं काय?" ललिताबाई म्हणाल्या.

"अर्थिंग."

गुलाबनं अंगणात कमरेएवढा खड्डा खणला. गल्लीतला हा गुलाब गुरुजींच्याच शाळेत शिकलेला. खड्ड्यात तांब्याचा पत्रा गेला, वर कोळसा गेला, आणि वर्षभराच्या लोणच्यासाठी ठेवलेलं मीठ गेलं. जमीन ओली हवी म्हणून रोज दोन घागरी पाणी ओतणं ललिताबाईंच्या वाट्याला आलं.

"आंब्याले पानी टाकलं तं आंबे येतेत," त्या घागर रिकामी करत म्हणाल्या. "इथं काय येते?"

"शांतता येते."

"मंग येऊ द्या बापा लवकर. माही कंबर गेली."

आली नाही. गुरुजींना आता झोपेतही घूं ऐकू येई. फळ्यापुढे कधी न दमलेला माणूस स्पीकरपुढे दमला. चेहरा उतरला, जेवण उतरलं. पण गणित सोडायचं नाही, ही जन्माची सवय. यंत्रात दोष उरला नाही, म्हणजे दोष बाहेर आहे, हे सरळच होतं. वीज एका तारेतून वाहते आणि शेजारच्या तारेला हळूच कोपर मारते. तेव्हा गल्लीत जे जे विजेवर चालतं, ते ते बंद पाहिजे.

गुरुजी घरोघर गेले. मंदाबाईला समजावलं, की ट्यूबलाईटची पेटी घुमते. पुढच्या घरी पंख्याचं समजावलं. शेवटी शेजारी गोमाजीच्या ओसरीवर बसले. गोमाजीची विहीर घरामागेच, आणि विहिरीला लागून त्याच्या उन्हाळी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले वाफे. पंपाला विजेची लाईन संध्याकाळी तेवढी तीन तास मिळे.

"पंप हा मोठा गुन्हेगार," गुरुजी म्हणाले. जमिनीवर काडीनं आकृती काढली, पुसली, दुसऱ्या अंगानं काढली. "समजलं का?"

"हो गुरुजी."

"मग तपास लागेपर्यंत संध्याकाळी बंद ठेवशील?"

"हो गुरुजी."

आत गोमाजीची बायको रुखमा भाकरी थापत होती. ती लाखनीकडची, गुरुजींच्या वर्गात कधी न बसलेली. तिच्या थापण्याचा आवाज एकदम वाढला.

तपास एका संध्याकाळचा वाटला होता, तो आठवडाभर चालला. बांधीतलं पाणी आटलं, मग चिखल वाळला, मग त्याला भेगा पडल्या. धान पोटरीवर आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात. रुखमा रोज सकाळी बांधीवर जाई आणि येऊन गोमाजीला भेगेची रुंदी बोटांनी दाखवी. गोमाजी म्हणे, "गुरुजी होत ना. तपास लागन आता." रात्री एखादा तास वीज चोरून येते का, म्हणून तो बटणाशी बसून राही. येत नसे.

गुरुजींनी मग शेवटची परीक्षा ठरवली. शनिवारी संध्याकाळी सगळी गल्ली बंद राहील, सगळ्यांनी अंगणात यावं, आपल्या कानांनी ऐकावं.

सगळे आले. सतरंजीवर बसले. कुणी न सांगता उंचीप्रमाणे बसले, ठेंगणे पुढे. गल्लीत एक दिवा नव्हता. फक्त ओसरीवर अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह तांबूस जळत होते. रुखमा मागे कुडाला टेकून उभी होती, बसली नाही.

रेकॉर्ड लागली. खरं सांगायचं तर असा तंबोरा त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता. मंदाबाईनं पदर तोंडाला लावला. गुलाबनं तंबाखू मळायचा हात थांबवला. गाणारा वर चढला, तिथं स्थिरावला, आणि खाली उतरता उतरता एकाएकी म्हशीसारखा हंबरला. मग तो हंबरडाही जाड होत होत बंद पडला.

कुणाला काही कळेना. गुरुजींचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी बोट वर केलं.

"हा पाहा. आला. घूं. येतो का सगळ्यांना?"

"हो गुरुजी," अंधारातून सगळे एका सुरात म्हणाले.

"कायचा आवाज?" मागून रुखमा म्हणाली. "लाईन तं गेली."

गुरुजींनी डोळे उघडले. व्हॉल्व्ह विझले होते. तबकडी थांबली होती. विजेशिवाय अँप्लिफायर बोलत नाही, हे त्यांनी पोरांना बॅटरी आणि बल्ब घेऊन कितीदा तरी शिकवलं होतं. त्यांनी सावकाश दोन्ही कानांत बोटं घातली. घूं गेला नाही. उलट, दार लावून आत येऊन बसल्यासारखा मोठा झाला.

 मग बोटं काढली.

"जागेश्वर."

"जी गुरुजी."

"तुला आवाज येतो?"

जागेश्वरनं खाली पाहिलं. "नाही जी."

"आत्ता नाही, की..."

"पयलेपासूनच नाही जी."

"मग हो काहून म्हटलं?"

"मले वाटलं, तुमाले येते म्हंजे असन. माहाच कान कच्चा हाय."

"मलेबी तसंच वाटलं," गुलाब म्हणाला. "साऱ्याइले येते, मलेच नाही येत."

"मलेबी," मंदाबाई म्हणाली.

 गोमाजी बांधीच्या दिशेनं पाहत होता.

ललिताबाई कंदील घेऊन बाहेर आल्या. दुसऱ्या हातात कोनाड्यातली बाटली होती. त्यांनी ती गुरुजींपुढे ठेवली. "रोज तीन थेंब," त्या म्हणाल्या. "मले पाठ हाय."

कुणी हसलं नाही. गुरुजींनी कंदिलाच्या उजेडात एकेक चेहरा पाहिला. सगळे तेच चेहरे, फक्त आता मिशा आलेल्या आणि केस गेलेले. त्यांच्या मनात एक शंका आली. ती विचारू नये असं त्यांना वाटत होतं, पण शंका विचारावी हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

"आणि चौथीतलं त्रैराशिक?"

तलावावरचे बेडूक तेवढे बोलत राहिले.

"ते बी तसंच होतं गुरुजी," शेवटी गोमाजी म्हणाला.

"सगळ्यांना?"

"जागेश्वरले आलं असन, असं वाटे."

"मले कुठचं?" जागेश्वर म्हणाला. "मी तं तुह्याकडे पाहून हो म्हनो."

गुरुजी उठले. गुडघे वाजले. सगळ्यांना वाटलं, आत जातील आणि दार लावून घेतील. ते आत गेले खरे, पण कोळशाचा तुकडा घेऊन परत आले. कंदील भिंतीजवळ सरकवला आणि ललिताबाईंनी नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर रेघ ओढली.

"एक पंप," ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "तीन तासांत दोन बांध्या भिजवतो. तर पाच बांध्या भिजवायला किती तास लागतील?"

त्यांनी मांडणी केली. पुसली. दुसऱ्या अंगानं केली. मधेच लाईन आली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, तबकडी अडखळत फिरू लागली, आणि म्हशीचा पुन्हा गवई झाला. कुणी तिकडे पाहिलं नाही. गोमाजीनं मात्र बसल्या बसल्या एक पाय चपलेत घातला.

गुरुजींनी कोळशाचे हात झटकले आणि वळले.

"समजलं का?"

"हो गुरुजी," सगळे एका सुरात म्हणाले. गोमाजी तर दुसरी चप्पल घालता घालता म्हणाला.

रुखमा तोवर फाटकापाशी पोचली होती. ती वळली.

"मले नाही समजलं," ती म्हणाली. "पन मले आता बांधी भिजवाची हाय. उद्या येतो."

गुरुजी कोळसा हातात धरून उभेच राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘समजलं का?’ला ‘नाही’ ऐकू आलं होतं, आणि तेही घूंच्या वरून, अगदी स्वच्छ.