शेवटचा बाक

आमचे दळवीसर नव्या इमारतीची फीत कधीच कापत नसत. ते काम मंत्र्यांचं. सर विद्यापीठाचे अध्यक्ष, पण ते तडक शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि मला म्हणायचे, "हं, फळ्यापाशी उभा राहा. पाढा म्हण."

मी शिपाई. उदगीरकडचा, सातवीतच शाळा सुटलेला. सरांनी मला ठेवून घेतलं तेव्हा विद्यापीठ म्हणजे तुर्भ्यातल्या गोदामातल्या चार खोल्या. आज सात इमारती आहेत, आणि प्रत्येक वर्गातला पहिला तास मी घेतलाय! एकोणतीसचा पाढा. शब्द मागे पोचला नाही की सर गरजायचे, "उतरवा हे छत!" एकदा खरंच उतरवलं. कंत्राटदार रडकुंडीला आला. "सर, माईक लावून देतो ना!"

"आणि लाइट गेली की मागच्या पोरांनी काय करायचं?"

विश्वस्तांनी निवृत्तीचा विषय काढला की सरांचं उत्तर ठरलेलं. "शेवटच्या बाकावर ऐकू येईनासं झालं, की त्याच दिवशी खुर्ची सोडतो." विश्वस्त दुसऱ्या विषयाकडे वळायचे. मी निर्धास्त. सरांच्या जागी नवे साहेब आले, तर त्यांना दहावी पास शिपाई लागेल म्हणे.

गेल्या महिन्यात करंजाड्याची इमारत तयार झाली. विश्वस्त, इंजिनियर भिंतीला टेकून उभे. मी सुरू केलं. एकोणतीस सातेला नेहमीसारखा अडकलो. पुढचं आठवेना. वर्गात चिडीचूप.

आणि मागून सर मान डोलवत म्हणाले, "छान! स्पष्ट येतंय. चालू दे."

एक विश्वस्त खाली बघून हसला. मी "दोनशे तीन!" असं ओरडलो, पण उशीर झाला होता.

सरांनी सगळ्यांची तोंडं पाहिली. मला जवळ बोलावलं. "थांबला होतास?"

मी होकारार्थी मान हलवली.

"शाळेत मला इथंच बसवायचे," बाकावरून हात फिरवत ते म्हणाले. "एक कान जन्मापासून गेलेला. मास्तरांचं काही पोचायचंच नाही. ठोंब्या म्हणायचे. आता दुसराही गेला बघ." मग उठले. "बस तू इथं."

एकेक बाक धरत ते फळ्यापाशी गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हटला. मग विचारलं, "मागे ऐकू येतंय का?"

"येतंय सर!" मी ओरडलो.

ते तसेच बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी हात वर केला.